इलेक्ट्रिक पिकअप परवडते का? गाडीमालक नेहमी विचारतात ते प्रश्न

सासवडहून पुण्याच्या मार्केट यार्डात माल पोचवायचा, हा आमचा घरचा धंदा. अंजीर, सीताफळ, वाटाणा, पावसाळ्यात पालेभाजी. दारात एक डिझेल पिकअप आणि एक छोटी इलेक्ट्रिक अशा दोन्ही गाड्या उभ्या असतात. त्यामुळे गावात कुणाच्या मनात गाडी घ्यायची आली की तो आधी आमच्या ओट्यावर येऊन बसतो. चहा होतो आणि तेच प्रश्न पुन्हा निघतात. म्हणून एकदा लिहून काढलं. किमती शोरूमच्या, गाडी बाजारात आली तेव्हाच्या आहेत. इंधनाचे आणि विजेचे दर मी गणितापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

पिकअप म्हणजे नेमकी कोणती गाडी?

आपल्याकडे या शब्दाचे दोन अर्थ चालतात. एक म्हणजे बोलेरोच्या जातीची, सव्वा ते दोन टन पासिंगची, म्हणजे कायद्याने तेवढा माल भरता येणारी. दुसरी म्हणजे २००५ साली टाटा एस आली तेव्हापासूनची छोटा हत्ती मंडळी, पाऊण ते एक टनाची. इलेक्ट्रिकमध्ये आज खरी निवड या दुसऱ्या गटात आहे. टाटा एस ईव्ही २०२२ मध्ये दाखवली गेली आणि २०२३ च्या सुरुवातीपासून रस्त्यावर आली. बॅटरी २१.३ युनिटची, म्हणजे तेवढी वीज साठवणारी. २०२४ मध्ये तिचीच एक टनाची आवृत्ती आली. महिंद्राची झिओ ऑक्टोबर २०२४ मध्ये साडेसात ते आठ लाखांच्या दरम्यान आली. जून २०२५ मध्ये आलेल्या टाटा एस प्रोने हिशेबच सोपा करून टाकला, कारण एकच गाडी पेट्रोल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक अशा तिन्ही रूपांत मिळते. खालची गणितं मी तिच्यावरच मांडली आहेत. तीच घ्या असं नाही, पण सारख्याला सारखं लावल्याशिवाय हिशेब खरा होत नाही.

इलेक्ट्रिकची किंमत जास्त. जादा पैसे वसूल कधी होणार?

एस प्रो पेट्रोल ३.९९ लाखांना आली आणि इलेक्ट्रिक ६.५० लाखांना. म्हणजे फरक अडीच लाखांचा. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेल मालगाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ च होता, तिला काही मिळालं नाही. त्या हिशेबाने पेट्रोलची ३.९९ लाखांची गाडी ३.६८ लाखांच्या आसपास बसते आणि फरक २.८ लाखांवर जातो. जुने व्हिडिओ बघून गणित करणारे नेमकं हेच विसरतात.

आता चालवायचा खर्च. भरलेल्या छोट्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज मी १६ धरतो आणि पेट्रोल १०४ रुपये. किलोमीटरला साडेसहा रुपये झाले. इलेक्ट्रिकची बॅटरी १४.४ युनिटची. ती खऱ्या रस्त्यावर शंभर-एकशेदहा किलोमीटर जाते असं धरा, वर चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते तीही धरा. मीटरवरचं सुमारे ०.१५ युनिट दर किलोमीटरला लागतं. दहा रुपये युनिटने दीड रुपया. किलोमीटरमागे पाच रुपये सुटले.

२.८ लाख भागिले ५ म्हणजे ५६,००० किलोमीटर. इथून पुढे गाडीचा प्रश्न संपतो आणि तुमच्या रस्त्याचा सुरू होतो. रोज ८० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस धरले तर वर्षाचे २४,००० होतात आणि सव्वादोन-अडीच वर्षांत फरक फिटतो. रोज ३०च किलोमीटर फिरत असाल तर वर्षाचे ९,००० आणि सहा वर्षांच्या वर. तोवर हौद्याचा पत्रा बदलायची वेळ आलेली असते.

यात अजून एक मेख आहे. जादाचे २.८ लाखही कर्जाचेच असतात. १२ टक्क्यांनी त्यांचं पहिल्या वर्षीचं व्याजच तीस हजारांच्या वर जातं. ते धरलं की अडीच वर्षांची तीन होतात. उलट बाजूला इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट हा खर्च नाही, त्यातून थोडं भरून निघतं. हे सगळं एका कागदावर मांडा. शोरूममधला माणूस मांडून देतो तो कागद त्याच्या सोयीचा असतो.

मग जितकी जास्त पळवू तितका फायदा, असंच ना?

हो, आणि घोडं इथेच अडतं. फायद्यासाठी किलोमीटर जास्त हवेत आणि बॅटरीसाठी ते कमी हवेत. माझ्या मते छोट्या इलेक्ट्रिक गाडीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे रोज साधारण ६० ते ८५ किलोमीटर, तेही ठरलेल्या रस्त्यावर फिरणारा माणूस. ६० च्या आत पैसे वसूल व्हायला फार वेळ लागतो. ८५ च्या वर दिवसात मधे कुठेतरी चार्जिंगला थांबावं लागतं. दुधाचं संकलन, गॅस सिलिंडर, किराणा दुकानांना माल पोचवणं, पाण्याचे जार ही सगळी कामं या पट्ट्यात बसतात. आज इंदापूर, उद्या कराड, परवा कुणाच्या घराचं सामान घेऊन नगर, असं ज्याचं भाडं मिळेल तिकडे असतं त्याने इलेक्ट्रिकच्या वाटेला जाऊ नये.

पेट्रोल राहू दे, सीएनजीशी तुलना करा.

ही तुलना जास्त अटीतटीची आहे. पुण्याच्या बाजूला सीएनजी ९० रुपये किलोच्या आसपास धरला आणि किलोला २० किलोमीटर मिळाले, तर किलोमीटरला साडेचार रुपये. इलेक्ट्रिकच्या दीड रुपयाशी फरक तीन रुपयांचा. सीएनजीची एस प्रो ४.९९ लाखांना आली होती, नव्या जीएसटीने ४.६० च्या आसपास. म्हणजे किमतीतला फरक १.९० लाख, आणि तो फिटायला ६३,००० किलोमीटर. आमच्या भागात सीएनजीच्या रांगेत जाणारा वेळ कुणी हिशेबात धरत नाही. मी धरतो. रोजचा अर्धा तास पंपावर गेला तर महिन्याचे बारा-तेरा तास गेले, आणि तेवढ्या वेळात दोन भाडी होतात.

एस प्रो इलेक्ट्रिक एका चार्जिंगवर १५५ किलोमीटर जाते असं कंपनी म्हणते. खरंच जाते का?

१५५ हा चाचणीतला आकडा. मी कुठल्याही गाडीच्या कागदावरच्या रेंजचे दोन तृतीयांश धरतो. १५५ चे शंभरच्या थोडे वर. त्यातलेही शेवटचे पंधरा-वीस टक्के राखून ठेवायचे, कारण रस्ता बंद, वळसा, आडत्याने दुसऱ्या गाळ्यावर पाठवणं हे रोजचंच. भरलेला हौदा, समोरचा वारा, हवा कमी असलेली चाकं, या सगळ्याने रेंज कमी होते. चाकातली हवा फुकट भरून मिळते, तरी लोक ती बघत नाहीत.

एका गोष्टीचं नवल वाटतं. शहरातल्या थांबत-थांबत जाण्यात डिझेल गाडी सगळ्यात जास्त खाते. इलेक्ट्रिकला तेच जड जात नाही, कारण ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. तिला मोकळ्या हायवेवर सलग वेगात धावणं महाग पडतं.

घाट चढेल का?

चढते. मोटरची ताकद पहिल्या क्षणापासून मिळते. अर्ध्या क्लचवर गाडी तोलत धरणं, क्लच प्लेट जळल्याचा वास, हे सगळं जातं. किती वीज लागते त्याचं गणितही सोपं आहे. एस प्रो इलेक्ट्रिक मालासकट सुमारे १,६०० किलोची. ती शंभर मीटर उंच न्यायला, नुकसान धरून, साधारण अर्धा युनिट जास्तीचं लागतं. आमच्या सासवड-पुणे रस्त्यावरच्या दिवेघाटासारखा दोन-अडीचशे मीटरचा चढ म्हणजे एक-सव्वा युनिट. १४.४ मधून हे जड नाही.

आमच्या रस्त्याची गंमत वेगळीच आहे. माल भरलेला असतो तेव्हा गाडी घाट उतरते आणि रिकामी होते तेव्हा चढते. म्हणजे वजन आपल्याला वीज देतं आणि परत चढताना ओढायचा असतो तो फक्त रिकामा हौदा. पुरंदरच्या पठारावरून खाली माल नेणाऱ्याला याहून सोयीचा रस्ता मिळायचा नाही. भोर-वाईकडे घाटाच्या खालून वर माल नेणाऱ्यांना हेच गणित उलटं लागतं.

पण एक काळजी घ्या. घाटमाथ्यावर घर आहे आणि बॅटरी शंभर टक्के भरून निघालात, तर उतारावर परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. मग गाडी मोटरने रोखली जात नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आम्ही नव्वदच्या आसपास प्लग काढतो. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्याच आठवड्यात घाटात ब्रेक तापल्याचा वास आला, तेव्हा कळलं.

रात्री लावली प्लगला की सकाळी तयार, बरोबर?

किराण्याच्या गाडीसाठी बरोबर. भाजीच्या गाडीसाठी साफ चूक. आमची गाडी संध्याकाळी गावातून क्रेट गोळा करते, मध्यरात्रीनंतर निघते, पहाटे यार्डात खाली होते आणि सकाळी नऊ-दहाला घरी येते. रात्री ती रस्त्यावर असते. ती चार्ज होते दुपारी, ड्रायव्हर झोपलेला असतो तेव्हा.

घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर ताशी तीन युनिटच्या आसपास जातात. एस प्रोची रिकामी बॅटरी भरायला पाच-सहा तास, २१.३ युनिटवालीला सात-आठ. दुपार पुरते, पण लाइट गेली नाही तर. गावात डीपी जळाला की दोन दिवसांची निश्चिंती. म्हणून जवळचा सार्वजनिक चार्जर कुठे आहे ते गाडी घेण्याआधी स्वतः जाऊन बघा, मोबाइलवर बघू नका. एकदा मी अ‍ॅपमध्ये हिरवा दिसणारा चार्जर गाठला तर त्याच्या समोर कुणाची तरी पोती रचलेली होती आणि राखणदार जेवायला गेला होता. शिवाय तुमच्या गाडीला जलद चार्जिंग चालतं का आणि तो प्लग बसतो का, हेही विचारून घ्या. छोट्या मालगाड्यांच्या सगळ्याच मॉडेलमध्ये ती सोय नसते.

घरच्या मीटरवर चार्ज केली तर बिल किती येईल?

इथे भले भले चुकतात. रोज बारा युनिट, महिन्याचे २६ दिवस म्हणजे तीनशेच्या वर युनिट. ते तुमच्या घरच्या वापराच्या वर चढतात आणि बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. तिथे महावितरणचा युनिटचा दर सगळे आकार धरून पंधरा रुपयांच्या घरात जातो. मग किलोमीटरचा खर्च दीड रुपया राहत नाही, सव्वादोन होतो. तरीही पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो, पण वर काढलेले ५६,००० किलोमीटर ६६,००० होतात.

यावर उपाय म्हणजे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन. त्याच्या दराला घरगुती स्लॅब नसतात. मंजूर भार वाढवून घ्या, वायरिंग आणि अर्थिंग चांगल्या माणसाकडून करून घ्या. बाहेरच्या जलद चार्जरवर युनिट १५ ते २५ रुपयांपर्यंत पडतं, त्यात १८ टक्के जीएसटी. २० रुपयांनी चार्ज केली की किलोमीटरला तीन रुपये होतात. रोज बाहेरच चार्ज करायची असेल तर मी सीएनजी घ्या म्हणेन.

शेतीपंपाच्या मीटरवर लावली तर? ती वीज तर माफ आहे.

नाही. हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, म्हणून उत्तर मोठ्याने देतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे ती पाण्यासाठी. मंजूर कामापेक्षा वेगळ्या कामाला वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. वर, शेतीची वीज येते आठवड्याच्या पाळीने, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा. त्या वेळेवर यार्डाची गाडी धरता येत नाही.

छतावर सोलर बसवून गाडी चालवता येईल?

भाजीच्या गाडीवाल्यांनी याचा खरोखर विचार करावा, कारण त्यांची गाडी ऐन उन्हात घरी उभी असते. एक किलोवॉटचं सोलर दिवसाला साधारण चार युनिट देतं, तीन किलोवॉटचं बारा. आमच्या एका खेपेला लागते तेवढीच ही वीज. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती जोडणीला तीन किलोवॉटसाठी ७८,००० रुपये अनुदान आहे. पावसाळ्यात उत्पादन पडतं, हे धरून चाला. नेट मीटर (सोलरची जादा वीज लाइनला देऊन ती बिलातून वजा करून देणारा मीटर) असेल तर ऊन आणि चार्जिंग एकाच वेळी असण्याचीही गरज नाही. पण घराच्या वापरालाच सोलर पुरत नसेल तर त्याच्या जिवावर गाडी मोजू नका. एकच युनिट दोन्हीकडे लिहिलं की कागदावर फायदा दिसतो आणि बिलात दिसत नाही.

साडेसातशे किलो पासिंगची गाडी. आपण टन-सव्वा टन भरतोच की.

भरतो, खरं आहे. छोट्या हत्तीने पासिंगएवढाच माल उचलला असता तर तिला हे नाव पडलं नसतं. पण भरलेला क्रेट २५ किलोचा धरला तर ७५० किलोत तीसच क्रेट बसतात. पन्नास भरायची सवय असेल तर इलेक्ट्रिकमध्ये ती तीन ठिकाणी नडते. रेंज पडते. पाटे आणि टायर जातात, ते कुठल्याही गाडीचे जातात. तिसरं म्हणजे वॉरंटी. या गाडीत सगळं नोंदलं जातं आणि बॅटरी-मोटरचा दावा करायची वेळ आली की ती नोंद निघते. जादा मालासाठी कायद्यातला दंडही २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. एक टनाचा माल रोजचा असेल तर एक टन पासिंगचीच गाडी बघा. टाटा एस ईव्ही १००० आहे, युलरची स्टॉर्म १,२५० किलोची आहे. दर जास्त, पण तेवढी गरजच असेल तर इलाज नाही.

माझी बोलेरो पिकअप आहे. तिच्या जागी इलेक्ट्रिक मिळेल का?

दीड-दोन टनांत पर्याय थोडे आहेत. स्विचची आयईव्ही४ आहे, माँट्राची ईव्हिएटर आहे. किंमत छोट्या गाड्यांच्या कितीतरी वर जाते. डिझेल पिकअपला ९० रुपये डिझेल आणि अकराचं अ‍ॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला आठ रुपयांच्या वर खर्च येतो. म्हणजे बचतीला जागा मोठी आहे. शहरात कुरिअर किंवा मोठ्या गोदामाचा वर्षभराचा करार हातात असेल तर गणित जमतं. पण बोलेरोची खरी किंमत तिच्या कुठेही जाण्यात आहे. शेतातल्या बांधापर्यंत, चिखलातून, रात्री, कुणाच्याही हाती, आणि बिघडली तर पहिल्या गॅरेजला. ही मोकळीक कुठल्याच हिशेबाच्या कागदावर येत नाही. आमची डिझेल आम्ही विकली नाही, यातच उत्तर आलं.

वाशीला, मुंबईच्या घाऊक बाजारात माल जातो. चालेल?

नाही. सासवडहून वाशी एकेरी दीडशे किलोमीटरच्या वर. मधे चार्जिंगला थांबलात तर बाजारभाव थांबत नाही. नारायणगावचा टोमॅटो किंवा नाशिकची भाजी मुंबईला नेणाऱ्यालाही हेच उत्तर.

सबसिडी, टॅक्स, टोल यांत काय सूट आहे?

केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे, पण तिच्यातलं ट्रकचं अनुदान साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना आहे. आपल्या छोट्या पिकअप त्यात बसत नाहीत. डीलरने 'केंद्राची सबसिडी' म्हटलं तर त्याला लिहून द्यायला सांगा. राज्याचं २०२५ चं ईव्ही धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्कातली सवलत आहे, शिवाय मालवाहू गाड्यांना प्रोत्साहन रक्कमही आहे. पण ती ठरावीक संख्येच्या गाड्यांनाच. ती हाती येईल तेव्हा खरी, डाऊन पेमेंट तिच्या भरवशावर करू नका.

टोलच्या बाबतीत गैरसमज फार आहे. अटल सेतू, समृद्धी आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरची माफी इलेक्ट्रिक कार आणि बसना आहे, मालवाहू गाड्या त्यात धरलेल्या नाहीत. रुग्णाला पाहायला कारने जाणाऱ्याला टोल नाही आणि त्याच्यासाठी फळं घेऊन जाणाऱ्या टेम्पोला आहे. हे कुणाला सुचलं कोण जाणे.

परमिट, लायसन्स, विमा?

बॅटरीवरच्या मालगाडीला परमिट लागत नाही, २०१८ पासून ती सूट आहे. लायसन्स साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीचं, चालतं. साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो वाद मिटवला. नंबर प्लेट हिरवी, अक्षरं पिवळी. फिटनेसचं पासिंग नव्या गाडीला दोन वर्षांनी, ते चुकत नाही. २०२२ च्या दरांप्रमाणे या वजनगटातल्या मालगाडीचा थर्ड पार्टी विमा १६,०४९ रुपये, इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट धरून १३,६४२. पण गाडीची किंमत जास्त असल्याने स्वतःच्या नुकसानीचा विमा महाग पडतो आणि ही सूट तिकडे जाते.

बॅटरी गेली तर?

बहुतेक मालगाड्यांत आता लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी असते. ती उष्णता बरी सोसते आणि पेट घ्यायची भीती इतर जातींपेक्षा कमी. वॉरंटी साधारण सात वर्षांच्या आसपास मिळते. पण वर्षांबरोबर किलोमीटरची मर्यादाही असते आणि आपल्यासारख्यांचे किलोमीटर आधी संपतात. वॉरंटीत बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देतील, ते वाक्य शोधून वाचा. वॉरंटी संपल्यावर नवी घ्यायची झाली तर गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि सुट्या बॅटरीवर १८, हेही लक्षात ठेवा.

जुनी झाल्यावर विकली जाईल?

जाईल, पण कितीला, हे सांगण्याइतक्या जुन्या गाड्या बाजारात अजून आल्याच नाहीत. डिझेल पिकअपचा भाव गावातला पोरगाही सांगतो. इलेक्ट्रिक घेताना मी विक्रीची किंमत शून्य धरून बघतो. तरीही जमत असेल तर घ्यावी. बँकाही हाच विचार करतात, म्हणून काही ठिकाणी व्याज जास्त आणि मुदत कमी मिळते.

पावसात, पाण्यात काही होतं का?

बॅटरीचा डबा आयपी ६७ दर्जाचा असतो, म्हणजे चाचणीत एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. ओढ्याला पूर आला असताना गाडी घालायचा हा परवाना नव्हे. पावसाचा खरा त्रास चार्जिंगच्या जागी होतो. प्लगवर पत्र्याचं छप्पर हवंच.

ड्रायव्हर काय म्हणतात?

आधी नाक मुरडतात. पंधरा दिवसांनी डिझेल गाडीवर बसायला तयार नसतात. क्लच नाही, गिअर नाही, हादरे नाहीत, त्यामुळे पहाटे यार्डातून परतताना गुडघा दुखत नाही. तक्रार एकच, आवाज नसल्याने बाजारातल्या गर्दीत माणसं बाजूला होत नाहीत.

त्यापेक्षा तीनचाकी बरी नाही का?

गावठाणातल्या गावठाणात, पाचशे किलोच्या आत आणि सपाट रस्ता असेल तर बरी. किंमत बरीच कमी. बारामतीत पियाजिओच्या आपे बनतात, त्यांतही इलेक्ट्रिक आहे. दिवेघाटातून पहाटे तीनला भरलेली तीनचाकी मी माझ्या ड्रायव्हरला देणार नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या इलेक्ट्रिक पिकअप इकडे येतील का?

ज्यांची पोरं तिकडे आहेत ते हा प्रश्न हटकून विचारतात. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटची होती. तेवढ्यात एस प्रोच्या नऊ गाड्या चालतात. टेस्लाची सायबरट्रक, रिव्हियनची आर१टी याच मापाच्या. मागे मोठा ट्रेलर जोडला की त्यांची रेंज निम्म्यावर येते, ही तिकडची नेहमीची तक्रार. म्हणजे ओझ्याने बॅटरी संपते हे दुखणं तिकडेही तेच. फक्त तिकडे पिकअप घरची गाडी म्हणूनही फिरते, त्यामुळे रिकाम्या हौद्याने चालून जातं. आपल्याकडे रिकामा हौदा म्हणजे बुडालेलं भाडं.

घेण्याआधी चालवून बघता येईल का?

डेमो मागा, एक पूर्ण दिवस मागा. शोरूमभोवती चक्कर मारून काही कळत नाही. आपल्या रस्त्यावर, आपल्या वेळेला, आपल्याच ड्रायव्हरच्या हाती द्या. निघताना, यार्डात पोचल्यावर आणि घरी आल्यावर, असे तीनदा बॅटरीचे टक्के आणि किलोमीटर वहीत लिहा. डेमोची गाडी रिकामी देतात. क्रेट आपले घेऊन जा.